कोड चालवून पाहणारी शोधपत्रिका

नारायणगावजवळच्या खोडद परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना उभ्या आहेत. एकेकीचा व्यास ४५ मीटर आणि सगळ्यांचा मिळून पसारा सुमारे २५ किलोमीटरचा. विज्ञान दिनाला त्या पाहायला गर्दी लोटते. पण या अँटेना स्वतः कुठलंच चित्र काढत नाहीत. त्यांनी गोळा केलेल्या संकेतांमधला माणसांनी केलेला गोंगाट वेगळा काढायचा, प्रत्येक अँटेनाची चूक मोजून दुरुस्त करायची आणि मग गणिताच्या जोरावर आकाशाचा नकाशा घडवायचा, हे काम सॉफ्टवेअर करतं. जगभरच्या दुर्बिणी, जनुकांच्या प्रयोगशाळा, हवामानाचे अंदाज, सगळीकडे आता हेच चित्र आहे. शोधनिबंध छापून येतो तेव्हा त्यात दुर्बिणीचं नाव असतं, निधी देणाऱ्या संस्थेचं असतं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचं नाव मात्र पुष्कळदा आभाराच्या ओळीत सापडतं, आणि पुष्कळदा तिथंही नाही.

ही तक्रार आकड्यांनीही सिद्ध झाली आहे. ब्रिटनच्या सॉफ्टवेअर सस्टेनेबिलिटी इन्स्टिट्यूटने २०१४ मध्ये तिथल्या संशोधकांची पाहणी केली. ९२ टक्के लोक संशोधनासाठी लिहिलेली सॉफ्टवेअर वापरत होते; ६९ टक्क्यांनी सांगितलं की त्यांच्याशिवाय आमचं काम चालणारच नाही; ५६ टक्के स्वतः कोड लिहीत होते. याच सुमारास जेम्स हॉविसन आणि ज्युलिया बुलर्ड यांनी जीवशास्त्रातले ९० शोधनिबंध बारकाईने वाचले. त्यांत जिथं जिथं सॉफ्टवेअरचा उल्लेख होता, तिथं रीतसर संदर्भ दिल्याचं प्रमाण ३१ ते ४३ टक्क्यांच्या दरम्यानच निघालं. बाकीच्या ठिकाणी नुसतं नाव, तेही कधी अर्धवट. ज्याच्याशिवाय काम अडतं, त्याची नोंद मात्र मर्जीवर.

इतक्या जर्नलांची गर्दी असताना नवं जर्नल काढायला आता कारण तरी काय उरलं असेल, असं कुणी विचारलं, तेव्हा मला ‘जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर’ची आठवण झाली. जाणकारांत ते ‘जॉस’ म्हणून ओळखलं जातं. त्याला कार्यालय नाही, छापखाना नाही, पगारी संपादक नाहीत. पण त्याचं सगळं कामकाज उघड्यावर चालतं. एखादा शोधनिबंध का स्वीकारला, कुणी काय आक्षेप घेतला, लेखकाने काय उत्तर दिलं, हे कुणालाही वाचता येतं. त्या परीक्षणांच्या नोंदी वाचत बसलो आणि हे जर्नल मला मनापासून आवडू लागलं. त्याची काळजी वाटायला लागली तीही त्या नोंदी वाचूनच.

त्याचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. आर्फन स्मिथ हे मूळचे विज्ञानाचे माणूस. सामान्य लोकांकडून आकाशगंगांचं वर्गीकरण करून घेणाऱ्या ‘गॅलक्सी झू’च्या परिवारात त्यांनी काम केलं, पुढे ते कोड साठवायला आणि त्यावर मिळून काम करायला जागा देणाऱ्या गिटहब कंपनीत गेले. मे २०१६ मध्ये त्यांनी आणि मोजक्या सहकाऱ्यांनी जॉस सुरू केलं. लोरेना बार्बा, कायल नीमायर, डॅनियल कॅट्झ, कॅथरिन हफ ही त्यातली काही नावं. आर या संगणकभाषेतल्या पॅकेजांचं उघड परीक्षण करणाऱ्या ‘आरओपनसाय’ने ही वाट आधीच पाडली होती. पहिल्या वर्षात जॉसने १११ शोधनिबंध प्रसिद्ध केले. आता हा आकडा दोन हजारांच्या पुढे आहे. लेखकाकडून पैसे घेत नाहीत, वाचकाकडूनही नाहीत, आणि हक्क लेखकाकडेच राहतो.

संस्थापकांचं म्हणणं सरळ होतं. विद्यापीठं आणि निवड समित्या शोधनिबंध मोजतात, सॉफ्टवेअर मोजत नाहीत. आदर्श जगात सॉफ्टवेअरचाच थेट संदर्भ दिला जाईल, त्यावर वेगळा निबंध लिहायची गरज पडणार नाही. पण तोपर्यंत कोड लिहिणाऱ्यांनी थांबायचं कशाला? समित्यांना निबंधच हवा असेल, तर सॉफ्टवेअरचा लहानसा निबंध करू. मात्र परीक्षण निबंधाचं न करता सॉफ्टवेअरचं करू.

या शेवटच्या वाक्यात सगळं आलं. जॉसमधला निबंध वाचून नवखा माणूस चक्रावतो, कारण तो जेमतेम काही पानांचा असतो. सुरुवातीची अनेक वर्षं मर्यादा २५० ते १,००० शब्दांची होती. त्यात नवे निष्कर्ष नसतात. सॉफ्टवेअर काय करतं ते साध्या भाषेत सांगायचं, आणि त्यापुढे एक सक्तीचा परिच्छेद: याची गरज काय? हे कुणासाठी आहे, कोणती अडचण सोडवतं, आणि आधीच असलेल्या पर्यायांनी ती का सुटत नव्हती? हा परिच्छेद नसेल तर निबंध पुढे सरकत नाही. हा निबंध पत्रिकेच्या कार्यालयात पाठवायचाही नसतो. तो कोडच्या शेजारीच, त्याच साठ्यात, एका साध्या मजकूर-फाईलमध्ये ठेवायचा.

आता खरं यंत्र सुरू होतं. निबंध दाखल झाला की गिटहबवर त्याच्या नावाची एक नोंद उघडते आणि तिथं सगळ्यात आधी हजर होतो तो एक बॉट, म्हणजे आपोआप काम करणारा प्रोग्रॅम. सुरुवातीला त्याचं नाव ‘व्हिडन’ होतं, आता ‘एडिटोरियलबॉट’ आहे. तो कोडच्या ओळी मोजतो, कोणत्या भाषा वापरल्या ते सांगतो, परवान्याची फाईल सापडली का ते पाहतो, संदर्भांचे डीओआय, म्हणजे कायमचे ओळखक्रमांक, बरोबर आहेत का ते तपासतो आणि निबंधाची पीडीएफ तयार करून समोर ठेवतो. संपादक त्याला एका ओळीत आज्ञा देतात: अमुक व्यक्तीला परीक्षक नेम, तमुकला दोन आठवड्यांनी आठवण कर. मोठ्या प्रकाशन संस्थेत ज्या कामासाठी माणसं बसलेली असतात, ते इथं काही सेकंदांत होतं. संपादकांनी २०१९ मध्ये खर्चाचा हिशेब जाहीर केला, तेव्हा सर्व्हर, डीओआयची नोंदणी आणि जतनाची वर्गणी धरून दर निबंधामागे थेट खर्च तीन डॉलरांच्याही आत होता. नामांकित जर्नलं एका निबंधाच्या मुक्त प्रसिद्धीसाठी लेखकाकडून हजारो डॉलर घेतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या आकड्याची किंमत कळेल.

बॉट हुशार आहे, पण मला खिळवून ठेवलं ते परीक्षकाने. निदान दोन परीक्षक असतात आणि दोघांनाही एकेक यादी मिळते. तिच्यातल्या चौकटींवर खूण करत जायचं. परवाना मान्यताप्राप्त मुक्त परवाना आहे का? लेखक म्हणून नाव असलेल्याने खरोखर हातभार लावला आहे का? सूचना वाचून सॉफ्टवेअर बसवता आलं का? जे दावे केलेत ते खरे ठरले का? वापराची उदाहरणं आहेत का? आपोआप चालणाऱ्या चाचण्या आहेत का? एखाद्या परक्या माणसाला चूक कळवायची किंवा मदत करायची असेल तर वाट दाखवली आहे का? पाककृती वाचून चव कळत नाही, चूल पेटवावी लागते. इथला परीक्षक चूल पेटवतो.

आणि चूल पेटवली की काय काय उघडं पडतं! लेखकाच्या संगणकावर सुरळीत चालणारं सॉफ्टवेअर परक्या संगणकावर पहिल्याच पायरीला अडतं. सूचनांमध्ये एखाद्या लायब्ररीचा उल्लेखच राहिलेला असतो. उदाहरणासाठी दिलेली डेटाफाईल लेखकाच्या घरच्या फोल्डरमध्येच राहून गेलेली असते. परीक्षक हे लिहितो, लेखक दुरुस्त करतो, परीक्षक पुन्हा चालवून पाहतो. बंद पाकिटातल्या परीक्षणात जो तुटक, कधी तुच्छतेचा स्वर ऐकू येतो तो इथं क्वचितच दिसतो, कारण दोघांची नावं उघड असतात आणि दोघांचा हेतू एकच असतो. परीक्षण एकदा सुरू झालं की लेखकाला परत पाठवण्याकडे कल नसतो. निकषाला उतरेपर्यंत त्याच्याबरोबर काम करण्याकडे असतो. अनेक नोंदींमध्ये परीक्षक नुसती चूक दाखवून थांबत नाही, दुरुस्तीचा कोड स्वतःच लिहून पाठवतो. शेवटची चौकट भरली की सॉफ्टवेअरची ती आवृत्ती झेनोडोसारख्या कायमच्या संग्रहात ठेवली जाते, तिला डीओआय मिळतो, मुख्य संपादक एक आज्ञा लिहितात आणि निबंध प्रसिद्ध होतो.

याचं फळ दिसतं. आर भाषा वापरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असलेला ‘टायडीव्हर्स’, आलेखांसाठीचं ‘सीबॉर्न’, गुंतागुंतीच्या डेटाचा नकाशा काढणारं ‘यूमॅप’, खगोलशास्त्रज्ञांच्या निबंधांत हमखास दिसणारे आलेख काढणारं ‘कॉर्नर’, या सगळ्यांचे निबंध जॉसमध्ये आले. आज कुणी हे वापरलं तर संदर्भ म्हणून देण्याजोगी एक रीतसर ओळ उपलब्ध आहे, आणि ती ओळ कोड लिहिणाऱ्यांच्या नावे जमा होते. २०१८ च्या अखेरीस अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या जुन्या, प्रतिष्ठित जर्नलांनीही जॉसशी जोडून घेतलं: खगोलशास्त्रातले निष्कर्ष तिकडे छापायचे, सॉफ्टवेअरचं परीक्षण इकडे करून घ्यायचं.

आता काळजीकडे येतो. नव्या जर्नलवर विश्वास कुणी आणि का ठेवायचा? आपल्याकडे हा प्रश्न फार कडवट झाला आहे. पुण्यातल्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाशी संबंधित भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीची चिकित्सा केली. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत शिरलेल्या नियतकालिकांपैकी १,००९ त्यांनी तपासली. त्यांतली ८८ टक्क्यांच्या आसपास निकृष्ट ठरतील अशी निघाली. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांचा हा बाजार. पुढे २०१९ मध्ये यूजीसीचीच नवी ‘केअर’ यादी आली, २०२५ मध्ये तीही बंद झाली. याद्या येतात नि जातात, पण प्रत्येक समितीत पहिला प्रश्न तोच राहतो: हे जर्नल कोणत्या यादीत आहे? छोटे निबंध छापणारी, फुकट चालणारी पत्रिका या नजरेला संशयास्पदच दिसणार. तिचं परीक्षण कुणीही उघडून तपासू शकतो, आणि यादीपेक्षा तो पुरावा कितीतरी भक्कम आहे. पण तो उघडून वाचण्याची सवड समितीला काढावी लागते.

दुसरी अडचण मोजमापाची. निबंध छापून घेण्यासाठी चार ओळींचा कोड आणणारे येणारच. म्हणून जॉसने नियम केला: कामामागे एका माणसाची निदान तीन महिन्यांची मेहनत हवी. अनेक वर्षं १,००० ओळींपेक्षा लहान कोड दिसला की संपादक थबकून पाहत, ३०० पेक्षा कमी असला तर तो दारातूनच परत जाई. ही फुटपट्टी माणूस हाताने कोड लिहीत होता त्या काळातली होती. आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडून हजार ओळी चहा निवायच्या आत मिळतात, नीटनेटक्या सूचना आणि चाचण्यांसकट. ओळी आता मेहनतीची खूण राहिल्या नाहीत. मग प्रश्न विचारावे लागतात ते वेगळे: हे कुणी खरोखर वापरतं का, वर्षानुवर्षं कुणी सांभाळलं आहे का, आतलं गणित लेखकाला स्वतःला समजलं आहे का? यांची उत्तरं बॉट देऊ शकत नाही, ती माणसालाच शोधावी लागतात.

तिसरी अडचण जागेची. सगळा डोलारा गिटहबवर उभा आहे आणि गिटहब २०१८ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीचं आहे. निबंध दुसरीकडे जतन होतात, ही दक्षता चांगलीच. पण या पत्रिकेचा प्राण त्या संवादांत आहे, आणि मुक्त विज्ञानाचा प्राण एका कंपनीच्या दारात ठेवताना मनात धाकधूक राहते.

या तिन्हींपेक्षा मोठी अडचण चौथी आहे, आणि ती सगळ्यांत कमी बोलली जाते. तीन डॉलरांच्या त्या हिशेबात माणसांची मजुरी धरलेली नाही. संपादक विनावेतन आहेत. परीक्षक विनावेतन आहेत, आणि इथलं परीक्षण एका संध्याकाळी वाचून उरकण्यासारखं नसतं. बसवायचं, चालवायचं, अडलं की लिहायचं, दुरुस्ती झाली की पुन्हा चालवायचं. त्यासाठी चार ते सहा आठवड्यांची मुदत असते आणि काही नोंदी कित्येक महिने चालतात. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली, तेव्हा संपादकांनी नवे निबंध घेणंच थांबवलं आणि मे महिन्यात दार हळूहळू पुन्हा उघडलं. आमच्या माणसांवर आणखी ओझं टाकणार नाही, हा तो निर्णय होता आणि तो मला फार मोठा वाटतो. पण त्याने हेही दाखवलं की हे यंत्र लोकांच्या फावल्या वेळावर चालतं. बॉट आठवण करून देऊ शकतो, वेळ देऊ शकत नाही.

म्हणजे न मोजल्या गेलेल्या श्रमांना मान मिळवून देण्यासाठी निघालेली पत्रिका दुसऱ्या, तशाच न मोजल्या गेलेल्या श्रमांवर उभी आहे. यात दोष पत्रिकेचा नाही. तिने तर परीक्षकाचं नाव प्रत्येक प्रसिद्ध निबंधावर छापून आपल्या हाती होतं तेवढं केलं. उरलेलं काम विद्यापीठांचं आणि संशोधन संस्थांचं आहे. पुण्या-मुंबईच्या एखाद्या विभागात परक्याचं सॉफ्टवेअर आठवडाभर राबून तपासणारी तरुण संशोधक असेल, तर तिच्या वार्षिक मूल्यमापनात त्या आठवड्याला जागा हवी. पुरावा शोधायला जावं लागणार नाही. तिने केलेली प्रत्येक खूण आणि काढलेली प्रत्येक चूक तारखेसह तिथं नोंदलेली आहे. नवी जर्नलं काढणारे यापुढेही निघतील, गरजाही निघतील. ती टिकतात की नाही, हे अखेर ठरतं ते परीक्षकाच्या आठवड्याची किंमत त्याची संस्था धरते की नाही यावर. जॉसने गरज भागवून दाखवली. आता परीक्षकांची मजुरी चुकती करायची पाळी आपली आहे.