सहा चाकांची होडी

आपल्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी माजी विद्यार्थी म्हणून काही लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा मी घराच्या गॅरेजमध्ये एका मोडक्या गाडीच्या पोटाखाली उताणा पडलो होतो. कॅनडातील बर्फ आणि नायगराचा धबधबा यांवर आजवर पुष्कळांनी लिहिले आहे. म्हणून ठरविले, की त्या गाडीविषयीच लिहावे. मराठी घेऊन १९८९ साली बी. ए. झालेल्या माणसाने हातात पाना का धरला, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर ओघात येईलच.

माझे वडील एस. टी. च्या डेपोत मेकॅनिक होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. डबा घेऊन गेलो तरी ते मला फाटकाच्या आत येऊ देत नसत. "तुझे हात शाईने काळे होऊ देत, ऑइलने नकोत," असे म्हणत. त्यामुळे त्यांची विद्या माझ्याकडे आली नाही. फाटकातून ऐकलेले एक वाक्य मात्र लक्षात राहिले. इंजिन सुरू करून त्याचा आवाज ऐकत बसलेल्या नव्या पोराला ते म्हणाले होते, "चालते कशी ते नंतर बघू. थांबते का, ते आधी बघ."

आता गाडीकडे वळू. ऑन्टॅरिओ प्रांतात, जेथे मी गेली वीस-बावीस वर्षे राहतो, तळी, दलदल आणि झाडी यांना तोटा नाही. अशा प्रदेशासाठी १९६० च्या दशकात कॅनडात एक छोटी गाडी जन्मास आली. सहा फुगीर चाके, वर उघडे प्लॅस्टिकचे टपासारखे अंग, आणि आत दोन माणसे. ती चिखलातून जाते आणि तळे लागले तर तशीच पाण्यात उतरते. याच प्रांतातील न्यू हॅम्बर्ग गावी 'आर्गो' नावाच्या अशा गाड्या १९६७ पासून तयार होत आल्या आहेत. मी घेतलेली गाडी याच जातीची, चाळीस वर्षांची. शेजारचा शेतकरी मेपलच्या झाडांचा रस गोळा करण्यासाठी ती वापरीत असे. पुढे ती कोठाराआड पडून राहिली आणि तिच्यात उंदरांनी संसार थाटला.

या गाडीला स्टिअरिंगचे चाक नसते. दोन दांडे असतात. डावा दांडा ओढला की डावीकडील तिन्ही चाकांना ब्रेक लागतो आणि उजवीकडची चाके जोराने फिरून गाडी डावीकडे वळते. आपल्याकडे बैलगाडी वळविताना गाडीवान आतल्या बैलाचा कासरा ओढून त्याला थोपवतो आणि बाहेरचा बैल वळसा घेतो, तसाच हा प्रकार. पाण्यात तिला पंखा किंवा वल्हे लागत नाही. टायरवरच्या खोल नक्षीचा बुडालेला भाग पाणी मागे ढकलतो आणि गाडी पुढे सरकते. वेग माणसाच्या चालीइतकाच.

मुख्य गोष्ट ही, की सहाही चाकांचे आस गाडीच्या अंगाला भोके पाडून बाहेर येतात, आणि गाडी पाण्यात असताना ती भोके पाण्याखाली असतात. म्हणजे सहा भोके असलेली ही होडी! तिला तारणारी वस्तू म्हणजे प्रत्येक आसावरच्या बेअरिंगशी बसवलेली रबरी कडी, जिला सील म्हणतात. किंमत चहा-फराळाइतकी.

दुरुस्तीस मी हिवाळ्यात आरंभ केला. पहिली युक्ती एका जाणत्या गृहस्थांनी सांगितली. गळती शोधायची तर गाडी पाण्यात घालू नये, पाणी गाडीत घालावे. गाडी ठोकळ्यांवर उचलून आत आसांच्या वरपर्यंत पाणी भरले आणि खाली सरपटत जाऊन थेंब कोठून पडतात ते खडूने टिपले. अंगाला दोन चिरा होत्या. हे प्लॅस्टिक पॉलिएथिलीन जातीचे, म्हणजे आपल्या पाण्याच्या पिंपाचे. त्याला डिंक वा सरस धरत नाही. चीर पुढे वाढू नये म्हणून तिच्या टोकाशी बारीक भोक पाडायचे, आणि मग गरम हवेच्या झोताने चीर व त्याच जातीची प्लॅस्टिकची कांडी दोन्ही वितळवून सांधायची. चार सांधे बिघडले, पाचवा जमला.

मग सैल साखळ्या बदलल्या, कार्ब्युरेटरमधला शिळ्या पेट्रोलचा राळेसारखा थर खरवडला. जुने इंजिन सुरूही झाले. पण येथे माझ्या मनात हाव शिरली. जुन्याहून पस्तीस किलो जड, दमदार इंजिन बसविले. मागे सामानासाठी लोखंडी जाळी लावली, दुसरी बॅटरी ठेवली. पाणी उपसणारा, मिनिटाला ३० लिटर फेकणारा पंपही घेतला आणि बसवायला सोपे म्हणून मध्यभागी बसविला.

वजनाचा हिशेब शाळेत शिकलेल्या आर्किमिडीजचाच आहे. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारते. माझी गाडी सुमारे २.२ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद. म्हणजे साधारण २६ किलो वजन वाढले की ती एक सेंटिमीटर खाली जाते. माझ्या सुधारणा एकूण साठ किलोंच्या. दोन-अडीच सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही, असे मी मानले. पण ते सारे वजन मागे होते, हे कागदावरच्या भागाकारात दिसत नव्हते.

अशा गाडीत सुधारणा करणारा सर्वांत धाडसी माणूस बेन कार्लिन. हा ऑस्ट्रेलियन इंजिनिअर दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्यात होता. १९४६ मध्ये हिंदुस्थानातच एका विमानतळावर पडलेली फोर्डची पाण्यात चालणारी जीप त्याने पाहिली आणि तिच्यातून जगप्रदक्षिणा करण्याचे त्याने मनात घेतले. तशी एक वापरलेली जीप घेऊन त्याने तिला केबिन आणि जादा इंधनटाक्या जोडल्या, नाव ठेवले 'हाफ-सेफ', म्हणजे अर्धीच सुरक्षित. आरंभीचे प्रयत्न फसल्यावर १९५० मध्ये पत्नीसह त्याने अटलांटिक ओलांडला, पुढे कलकत्त्यालाही ती गाडी आली, आणि १९५८ मध्ये प्रदक्षिणा पुरी झाली. आज ती पर्थ येथील एका शाळेत ठेवलेली आहे.

माझी प्रदक्षिणा चाळीस मीटरांत आटोपली. मे महिना होता. बर्फ वितळून महिनाही झाला नव्हता. पाणी इतके थंड, की पडणाऱ्याचा श्वासच अडकावा. कन्या म्हणाली, "बाबा, मी पण येणार." पहिल्या चाचणीस तिला बसवावयास नको होते. दोघांनी तरंगती जाकिटे घातली होती, एवढेच शहाणपण मी दाखविले.

काठापासून दूर गेल्यावर तिने विचारले, "मागे पाणी जास्त दिसतंय ना?" मागचा उजवा कोपरा खचला होता. पंपाचा आवाज मात्र नव्हता. मी घाईने वळवली, तसे आत साठलेले पाणी एका बाजूस धावले आणि गाडी त्या बाजूस कलली. काठ पाण्यापासून चार बोटे उरला. मी दांडा हळू सोडला. कन्या कॉफीच्या डब्याने पाणी उपसत होती. चाके तळाला टेकेपर्यंत आम्ही दोघेही एक शब्द बोललो नाही.

घरी उकल झाली. सहांपैकी पाच सील मी बदलले होते. सहावा नव्या इंजिनाच्या बैठकीआड होता. तो काढायचा तर इंजिन पुन्हा उतरवावे लागले असते. वरून बरा दिसला म्हणून सोडून दिला. मागच्या वजनाने तोच सर्वांत खोल गेला. पाणी मागच्या कोपऱ्यात साठले आणि पंप मध्ये कोरडा बसून राहिला. इंजिन मात्र अखेरपर्यंत सुरेख चालत होते! अण्णांचे वाक्य मला त्या दिवशी समजले. ते ऐकायला अण्णा आता नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात मी ते जड इंजिन काढून विकले आणि जुनेच उघडून नीट केले. सहावा सील बदलला, पंप मागच्या तळाशी नेला, लोखंडी जाळी उतरविली. आता दर वसंतात गाडीत पाणी भरतो, रात्रभर ठेवतो आणि खाली कोरडे आहे की नाही ते कन्या स्वतः पाहते. तिने होकार दिल्यावाचून गाडी तळ्यात उतरत नाही.

कलाशाखेच्या माझ्या धाकट्या मित्रांना उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. एवढेच सांगतो, की हा लेख लिहिताना कागदावर एक-दोन ठिकाणी ग्रीसचे बोट उमटले आहे. संपादकांनी ते चालवून घ्यावे.