इंजिन गार्ड : चकाकी नव्हे, बांधणी पाहा

जुन्या वळणाच्या क्रूझर मोटारसायकलींची हौस आपल्याकडे बरीच वाढली आहे. रॉयल एनफिल्डची मिटिऑर ३५० ही नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आली, तेव्हापासून गॅरेजवाले आणि सुट्या भागांचे दुकानदार यांच्याकडे एक प्रश्न हमखास येतो, “कोणता लेगगार्ड टाकू?” आमच्या वाचकांत गार्ड विकणारे आहेत, बसविणारे आहेत आणि पाइप वाकवून तो स्वतः तयार करणारेही आहेत. म्हणून या मालाची पारख कशी करावी, ते आम्ही येथे देत आहोत.

प्रथम गार्डचे काम समजून घ्यावे. मिटिऑरचे वजन १९१ किलो. उभी गाडी कलंडली किंवा चिखलात हळू वेगात घसरली, तर सगळा भार इंजिनच्या ॲल्युमिनियम कव्हरवर येतो. कव्हरला तडा गेला की ऑइल सांडते आणि गाडी जागीच अडते. हा भार गार्डने घ्यायचा असतो. भरधाव वेगातील अपघातात तो पाय वाचवीलच, असे गिऱ्हाइकाला कधीही सांगू नये.

दुसरी गोष्ट पकडीची. गार्ड चासीला भक्कम बसला पाहिजे. पातळ क्लॅम्पवर लटकणारा गार्ड पडताना फिरतो आणि ज्या इंजिनला वाचवायचे त्याच्यावरच आदळतो. याउलट, भरीव सळईचा गार्डही चांगला नव्हे. तो स्वतः वाकत नाही, धक्का सरळ चासीकडे जातो. वाकलेला गार्ड बदलता येतो, वाकलेली चासी सरळ करणे फार महागात पडते.

क्रूझरचे फूटरेस्ट पुढे असतात. त्यामुळे गाडीवर बसून, पायात बूट घालून पाहावे. ब्रेक आणि गिअर दाबताना बोटे गार्डला लागता कामा नयेत. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे. पुढचे शॉकॲब्झॉर्बर दबले तरी चाक गार्डपासून दूर राहिले पाहिजे. गार्ड फार रुंद असेल, तर वळणावर गाडी झुकली की तो रस्त्याला घासतो. गार्ड न काढता ऑइल बदलता येते का, हेही पाहावे.

आता धातूकडे वळू. लोहचुंबक लावून स्टील ओळखण्याची पद्धत दुकानांत रूढ आहे. क्रोम केलेल्या साध्या लोखंडाला चुंबक घट्ट चिकटतो, एवढे त्यावरून कळते. पण २०२ आणि ३०४ या दोन्ही जातींच्या स्टेनलेस स्टीलला तो जवळजवळ चिकटत नाही. ३०४ मध्ये निकेल सुमारे ८ टक्के किंवा अधिक असते, २०२ मध्ये ते बरेच कमी. कोकणातील खाऱ्या हवेत हा फरक गंजाच्या रूपाने दिसू लागतो. नेमके येथेच २०२ चा माल ३०४ म्हणून खपविला जातो. घाऊक खरेदी करताना स्टीलची जात बिलावर लिहून घ्यावी आणि गिऱ्हाइकालाही लिहून द्यावी. लिहून देण्यास जो कचरतो, त्याच्या मालाबद्दल सावध राहावे.

गार्ड तयार करणाऱ्या कारागिरांनी तीन गोष्टी सांभाळाव्यात. बेंडवर पाइप चेपू देऊ नये, कारण तो तेथेच कमजोर होतो. वेल्डिंग जागोजागी टाके मारून न करता सांध्याभोवती पूर्ण फिरवावे. पाइपची तोंडे बंद करावीत, नाहीतर पावसाचे पाणी आत साचून गंज आतून पोखरतो आणि वरची चकाकी मात्र तशीच राहते. गार्ड बसविल्यावर थोड्या दिवसांनी गिऱ्हाइकाला परत बोलावून बोल्ट पुन्हा आवळून द्यावेत.

साध्या लोखंडाचा, पावडर कोटिंगचा गार्ड विकण्यात कमीपणा काहीच नाही. नीट बनविलेला असेल तर तो उत्तम काम देतो आणि स्वस्तही पडतो. मात्र तो लोखंडाचा म्हणूनच विकावा. पहिल्या पावसाळ्यानंतर गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढते की नाही, यावरच धंद्याची खरी कमाई ठरते.