पडवीतली जीप भंगारात घालण्यापूर्वी

तुमच्या गावात एखाद्या जुन्या वाड्याच्या पडवीत किंवा गोठ्याच्या मागे एक तरी जीप उभी असेल. चारही चाके बसलेली, बॉनेटवर कोंबड्यांची वस्ती, सीटवर कडब्याच्या पेंढ्या. वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेली. भंगारवाला दारावरून गेला की घरात दरवेळी तोच विषय निघतो, ‘देऊन टाकू या का?’ आमच्या घरी हा विषय अकरा वर्षे चालला होता. थोरले बंधू म्हणायचे, द्या. आई म्हणायची, तुमच्या वडिलांचा हात लागलेली वस्तू आहे, मी असेपर्यंत नाही. शेवटी एका उन्हाळ्यात मी ती खोलायला घेतली. त्यात जे शिकलो, आणि एक जी चूक केली, ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

आधी ही गाडी कोणती ते ओळखा. बॉनेट उंच आणि खोक्यासारखे दिसत असेल तर ती बहुधा ‘सीजे ३बी’ असेल. अमेरिकेच्या विलीज कंपनीने ही जात १९५३ साली काढली. इंजिनाची उंची वाढली म्हणून बॉनेट उचलावे लागले, एवढेच त्या उंच बॉनेटमागचे कारण. आपल्याकडे महिंद्रा कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलीज जीपचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात केली आणि पुढे हे उंच बॉनेटचे मॉडेल इथेच बनवले. सरकारी खात्यांनी वापरून लिलावात काढलेल्या जीपा मग गावोगावच्या शेतकऱ्यांनी घेतल्या. आमची जीप १९६६ ची. वडिलांनी ती १९७४ साली लिलावात घेतली.

जीपला हात लावण्याआधी कागद शोधा. नोंदणी पुस्तक कोणाच्या नावावर आहे, मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर झाले आहे का, चॅसीवरचा नंबर पुस्तकातल्या नंबराशी जुळतो का, हे पाहा. नंबर गंजाखाली लपला असेल तर हलक्या हाताने तारेच्या ब्रशने घासा. ग्राइंडर लावलात तर नंबर जाईल आणि त्याबरोबर गाडीही गेली असे समजा. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षे चालते आणि नंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून नवी करावी लागते. २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचीही सोय झाली आहे. तिची फी २० हजार रुपये असून मुदत १० वर्षांची आहे. परंतु गाडी मूळ रूपातच असली पाहिजे आणि तिचा रोजच्या कामाला वापर करता येत नाही. प्रदर्शनात मिरवायची असेल तर ती वाट ठीक आहे. आम्हाला शेतावर आणि बाजाराला जायचे होते, म्हणून आम्ही साधी नोंदणीच पुढे चालवली.

आता चूक सांगतो. मी सुरुवात इंजिनापासून केली. कोणीही तेच करतो, कारण बंद पडलेले इंजिन धडधडले की जीव सुखावतो. इंजिन चालू झाले, मुलांनी टाळ्या वाजवल्या, मी पत्र्याला हिरवा रंगही मारला. ब्रेकचे पेडल अंगणात दाबून पाहिले तर घट्ट लागले. म्हटले, हे नंतर पाहू. पंधरा दिवसांनी आई आणि धाकटा मुलगा यांना घेऊन मळ्यातून येताना ओढ्याच्या उतारावर पेडल सरळ खाली गेले. तळाला टेकले. मी हातब्रेक ओढला. गाडी रेटत जाऊन बांधाच्या बाभळीत घुसली तेव्हा थांबली. मुलाला खरचटले. आईचे कोपराचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टरमध्ये हात घेऊन ती पडवीत बसत असे आणि जीपकडे पाहतही नसे.

खोलल्यावर कारण दिसले. मागच्या एका चाकातल्या सिलिंडरचे रबर वर्षानुवर्षे उभे राहून कडक झाले होते. आणीबाणीत जोरात दाबताच ते फाटले. या जीपला चारही चाकांना ब्रेक ऑइलची एकच नळी असते, त्यामुळे एका चाकात गळती झाली की चारही ब्रेक जातात. हातब्रेक मात्र वेगळा आहे. तो मागच्या शाफ्टवरच्या छोट्या ड्रमला पकडतो आणि त्याचा ब्रेक ऑइलशी संबंध नाही. त्या दिवशी आम्ही वाचलो ते त्याच्यामुळे.

म्हणून तुम्ही ब्रेकपासून सुरुवात करा. गाडी जॅकवर उचलली की लाकडी ओंडके किंवा लोखंडी घोड्या चॅसीखाली द्या. विटा आणि पोकळ सिमेंटचे ठोकळे देऊ नका, ते अचानक चिरडतात. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली तर कधीही शिरू नका. चाक काढताना नट हलेना तर जोर लावण्याआधी बोल्टचे टोक पुसून पाहा. पुष्कळ जुन्या विलीज जीपांत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात आणि बोल्टवर इंग्रजी ‘एल’ कोरलेला असतो. मी हे न कळून दोन बोल्ट मोडले.

ड्रम निघाला की आतली काळी धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते आणि ते फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाका. चारही चाकांच्या सिलिंडरांची आणि मास्टर सिलिंडरची रबरे नवी घाला. सिलिंडर आतून खड्डे पडलेला असेल तर तो बदलाच, घासत बसू नका. रबरी होज पाइप बाहेरून चांगले दिसले तरी बदला. एक गोष्ट तर घरातल्या सर्वांना सांगून ठेवा. ब्रेकच्या भांड्यात इंजिन ऑइल कधीही घालायचे नाही. त्याने रबर फुगते आणि ब्रेक जाम होतात. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते, म्हणून बाटली उघडून वर्षभर ठेवलेले तेल वापरू नका. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक आधी घ्या. पेडल दाबायला आमच्या मंडळी बसत, मी खाली निपल सोडत असे, आणि ‘दाबा’, ‘धरा’ अशा हाका गल्लीभर ऐकू जात.

या जीपमध्ये सुधारणा म्हणून एकच काम करायचे ठरवले तर दोन कप्प्यांचा टँडम मास्टर सिलिंडर बसवा. पुढच्या चाकांची नळी वेगळी, मागच्यांची वेगळी. एक फुटली तरी दुसरी जोडी धरते. फळीखाली त्याला बसवायला पट्टी लागते, ती तालुक्याच्या लेथवाल्याकडून करून घेतली. हे काम मात्र जाणत्या फिटरकडून तपासून घ्या. ब्रेकच्या बाबतीत स्वतःच्या हुशारीवर विसंबू नये, हे मला कोपराच्या किमतीत कळले आहे.

ब्रेक झाल्यावर मग इंजिन. वर्षानुवर्षे उभ्या इंजिनाला लगेच स्टार्टर मारू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन चमचे इंजिन ऑइल घाला आणि एक दिवस तसेच ठेवा. मग पुढून हँडल घालून हळू फिरवा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. अंगठ्याने वेढा घातलात आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट जाते. जुन्या ड्रायव्हरांना हे शिकवावे लागत नसे, आपल्या पिढीला लागते.

हे चार सिलिंडरांचे, सुमारे २२०० सीसीचे पेट्रोल इंजिन आहे आणि त्याची एक खोड आहे. हवा घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात आणि धूर सोडणारे व्हॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्ये. पुष्कळ मिस्त्री वरची झाकणपट्टी काढून चार व्हॉल्व्ह जुळवतात आणि खालचे तसेच सोडतात. इंजिन थंड असताना वरच्यांत ०.०१८ इंच आणि खालच्यांत ०.०१६ इंच फट ठेवा. प्लगची फट ०.०३० इंच, पॉइंटची ०.०२० इंच. फिलर पट्टी स्वस्तात मिळते, नखाच्या अंदाजावर हे काम करू नका. प्लगच्या वायरींचा क्रम १-३-४-२ असा आहे.

हेड काढायची वेळ आली तर सगळे बोल्ट काढूनही ते सुटणार नाही. तेव्हा पहार लावू नका. एक बोल्ट कार्ब्युरेटरच्या खाली, भोकाच्या आत लपलेला असतो. त्या एका बोल्टापायी किती हेडे तडकली असतील देव जाणे. बसवताना टॉर्क पान्याने ६० ते ७० फूट-पौंडांवर, मधून कडेकडे आवळत जा.

पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. जुने पेट्रोल वॉर्निशसारखे चिकट होऊन बसलेले असेल. टाकी बाहेर काढा, मोकळ्या जागेत रिकामी करा, आसपास विडी नको की चूल नको. त्याहून महत्त्वाचे म्हणजे टाकीला भोक असेल तर तिला घरी वेल्डिंग लावू नका. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ कोंडलेली असते आणि भरलेल्या टाकीपेक्षा ती जास्त धोक्याची असते. बॉडीच्या पत्र्याला वेल्डिंग करायचे असले तरी टाकी आधी गाडीपासून दूर न्या.

इथे एक नवी गोष्ट लक्षात घ्यावी लागते. २०२५ पासून देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. आपल्याच उसापासून आणि मक्यापासून ते इथेनॉल होते, त्याला नावे ठेवायचे कारण नाही. पण साठ वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्यासाठी बनलेला नाही. ते फुगतात, चिरतात, आणि गळती गरम इंजिनावर होते. इथेनॉल चालेल अशा नळ्या आणि पडदा मागून घ्या. इथेनॉल पाणीही धरते, म्हणून टाकीत महिनोन् महिने पेट्रोल साठवू नका.

डिझेल इंजिन बसवावे का, असे पुष्कळ जण विचारतात. खुद्द कंपनीने आपल्या जीपांत डिझेल इंजिने घातली होती. त्यातले एक तर बी-२७५ ट्रॅक्टरच्या इंजिनावरून घेतलेले होते. आमच्या भागातल्या अर्ध्याअधिक जीपा अशाच डिझेलवर गेल्या. माझे मत विचाराल तर वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीसाठी हा खर्च निघत नाही. डिझेल इंजिन जड असते, पुढच्या स्प्रिंगा बसतात, जुना गिअरबॉक्स ओरडतो. शिवाय इंजिन किंवा इंधन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची आधी परवानगी घेऊन पुस्तकात नोंद करावी लागते. नोंद नसलेली गाडी अपघातात सापडली तर विमा कंपनी हात वर करते.

रुंद टायर घालून गाडी शानदार दिसते खरी, पण स्टिअरिंगच्या जुन्या बुशांवर सगळा भार येतो. आम्ही ६.०० बाय १६ चेच टायर घेतले. डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला, कारण रात्री मळ्यातून येताना दिवे मिणमिणत. सुरुवातीच्या काही जीपांत ६ व्होल्टची बॅटरी असे. तशी असेल तर १२ व्होल्टची करताना बल्ब, कॉइल सगळे बदलावे लागते. पुढच्या दोन सीटांना पट्टे लावले. सीटची कव्हरे घरच्या मशीनवर शिवली. टपाची ताडपत्री मात्र बाजारातून शिवून आणली, घरच्या मशीनची सुई तिला पुरत नाही. मुलांनी नटबोल्ट निवडून डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, आणि खरे सांगायचे तर जोडताना त्या चिठ्ठ्यांनीच मला तारले.

चालवतानाही थोडे सांभाळा. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, गाडी पुरती थांबल्यावरच तो टाका. आणि चारही चाकांची ताकद चिखलात, वाळूत वापरा. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती लावून ठेवू नका. पुढची-मागची चाके वळणावर सारखी फिरत नाहीत, सगळा ताण गिअरांवर येतो आणि लिव्हर अडकून बसते.

आमचा एकूण खर्च भंगाराच्या भावाच्या कितीतरी पट झाला. थोरल्या बंधूंनी हिशेब मागितला, मी वही पुढे केली. त्यांनी पाने चाळली आणि फक्त मास्टर सिलिंडरच्या पावतीवर बोट ठेवून विचारले, ‘हे आधी का नाही केले?’ मला उत्तर देता आले नाही.

आता गाडी दर पंधरा दिवसांनी बाहेर काढतो, पाच-सहा किलोमीटर फिरवतो. निघण्याआधी अंगणात पेडल तीनदा दाबतो आणि चाकांच्या आतून ओल आली आहे का ते वाकून पाहतो. आई गेल्या पोळ्यापासून पुन्हा बसू लागली आहे. पण पुढे नाही. मागच्या बाकावर, हातब्रेकचा दांडा दिसेल अशा जागी.