परकोटावर चाला, पण पाय सांभाळून

"डॉक्टर, तुम्हीच चाला म्हणाला होता," असे म्हणत एक परिचित गृहस्थ समोर बसले आणि पायाचे फडके सोडू लागले. अंगठ्याला जखम, भोवती सूज, आत पू. दुखत मात्र काहीच नव्हते. मधुमेह बारा वर्षांचा. काटा कधी रुतला, त्यांना पत्ताच नव्हता.

आपल्या चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट सुमारे ११ किलोमीटर लांब. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा हे चार दरवाजे आणि पाच खिडक्या. त्यावर झुडपे माजली होती, कचरा साचला होता. २०१७ च्या मार्चपासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी श्रमदानाने तो साफ केला आणि भिंतीवरून चालण्याची वाट मोकळी झाली. मीही रुग्णांना सांगू लागलो, "सकाळी परकोटावर चाला." पायात काय घाला, हे सांगायचे राहिले. ती चूक माझी. हे गृहस्थ रबरी चपलेवर जात होते.

रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की पायाच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठाही कमी होतो. दुखणे हा शरीराचा पहारेकरी. तोच झोपला, तर जखम चिघळेपर्यंत कळत नाही.

म्हणून मधुमेहींनी एवढे पाळावे. पुढून बंद असलेले कापडी बूट आणि सुती मोजे घालावेत. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा, काटा नाही ना ते बघावे. घरी आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. तळपाय आरशात बघावा किंवा घरच्यांना बघायला सांगावे. जखम दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. ती भरेपर्यंत चालणे बंद. बधिर पायाला गरम पाण्याचा शेक नको, कुरूप ब्लेडने कापणे नको. खिशात साखरेची पुडी असू द्या. घाम सुटला, हातपाय थरथरले, तर लगेच तोंडात टाका. छातीत दडपल्यासारखे झाले, तर तिथेच थांबा आणि मदत मागा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ऊन चढण्याआधी खाली उतरा.

त्या गृहस्थांचा अंगठा काढावा लागला, पाय वाचला. जखम भरल्यावर ते पुन्हा चालू लागले, आता बूट घालून. रोज रात्री त्यांची नात बॅटरी घेऊन आजोबांचे तळपाय तपासते. वाचकहो, तुमच्या घरी हे काम कोणाकडे आहे?