जीवनगौरवाचे दप्तर

एखाद्या पत्रकाराला जीवनगौरव पुरस्कार जाहीर झाला की कुठल्या तरी कपाटात नवी फाईल उघडते. अशा चार फायली चाळलेल्या माणसाला पाचवीत काय असणार ते न उघडताही सांगता येते. निवड समितीच्या बैठकीचे इतिवृत्त असते, जेमतेम दीड पानाचे. मानपत्राचा मसुदा असतो आणि त्यात कुणीतरी ‘निर्भीड’ खोडून ‘निःस्पृह’ केलेले असते. आमंत्रणपत्रिका, धनादेशाची पोच, शाल-श्रीफळ-स्मृतिचिन्हाची पावती, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतली कात्रणे. ज्याच्या चाळीस वर्षांच्या लेखणीसाठी हा सगळा घाट घातला, त्याच्या लेखणीतली एक ओळसुद्धा त्या फाईलमध्ये बहुधा नसते.

हा विषय औरंगाबादच्या गुलमंडीवरून काढायला कारण आहे. पैठण गेटातून आत येणारा रस्ता म्हणजे टिळक पथ. राज्य सरकारचा पत्रकारांसाठीचा जीवनगौरव पुरस्कारही लोकमान्य टिळकांच्याच नावाचा. तो रस्ता गुलमंडीला येऊन मिळतो. एका अंगाला औरंगपुरा, दुसरीकडे मछली खडक, सराफा आणि पुढे सिटी चौक. सुपारी हनुमानाचे देऊळ, कापडाची दुकाने, आणि गाडी कुठे लावायची हा कायमचा प्रश्न. जुन्या औरंगाबादचे राजकारण, सभा, मिरवणुका या टापूत झाल्या, त्यामुळे बातमीदाराचे पाय इथे वळणे ओघानेच आले. शहर पसरले, दैनिकांची कार्यालये आणि छापखाने पेठेबाहेर गेले. पण या शहराच्या मराठी पत्रकारितेला ज्या माणसाच्या नावाने ओळखतात त्याची गोष्ट या जुन्या शहराचीच आहे.

राज्य शासनाचे उत्कृष्ट पत्रकारिता पुरस्कार माहिती व जनसंपर्क महासंचालनालयामार्फत दिले जातात. त्यांची यादी वाचणे म्हणजे महाराष्ट्राच्या वृत्तपत्रांचा अर्धा इतिहास वाचणे आहे. मराठीसाठी राज्यस्तरावर बाळशास्त्री जांभेकर, इंग्रजीसाठी अनंत गोपाळ शेवडे, उर्दूसाठी मौलाना अबुल कलाम आझाद. मग विभाग: मुंबईला आचार्य अत्रे, पुण्याला नानासाहेब परुळेकर, कोल्हापूरला ग. गो. जाधव, नागपूरला ग. त्र्यं. माडखोलकर, नाशिकला दादासाहेब पोतनीस, कोकणाला शि. म. परांजपे, अमरावतीला लोकनायक बापूजी अणे. आणि औरंगाबाद विभागाला अनंतराव भालेराव. या नोंदीपुढे कंसात ‘लातूरसह’ असा सरकारी शेपटा. प्रत्येक विभागाने आपला एकेक संपादक दैवतासारखा बसवला आहे. भालेरावांच्या नावाचे प्रतिष्ठानही त्यांच्या स्मृत्यर्थ पुरस्कार देते. म्हणजे एकाच माणसाच्या नावाने दोन दप्तरे चालू आहेत, एक सरकारी आणि एक लोकांचे.

अनंत भालेराव (१९१९–१९९१) मूळचे वैजापूर तालुक्यातल्या खंडाळ्याचे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ यांच्या पिढीबरोबर घडलेले. त्यांचे वर्तमानपत्र ‘मराठवाडा’. पण ते त्यांनी सुरू केलेले नव्हते. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली ते साप्ताहिक म्हणून काढले आणि तेही पुण्याहून. निजामाच्या मुलखातल्या मराठी माणसासाठी काढलेले पत्र निजामाच्या मुलखाबाहेर छापावे लागत होते. हैदराबाद सरकारने बंदी घातली की वाघमारे नाव बदलत. नवे नाव घेऊन तेच पत्र पुन्हा हद्दीत शिरे. पुन्हा बंदी, पुन्हा नवे नाव. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली आणि हा लपंडावही. पुढे पत्र औरंगाबादला आले, भालेराव संपादक झाले आणि १९६८ मध्ये त्याचे दैनिक झाले.

ग्रंथपालाच्या दृष्टीने हे पराक्रम म्हणजे डोकेदुखी. एकच पत्र इतक्या नावांनी निघाले असेल तर त्याचे अंक सूचीत कुठे लावायचे? ‘मराठवाडा’ शोधणाऱ्याला बंदीच्या काळातले अंक सापडत नाहीत, आणि त्या नावांखाली चुकून सापडलेला अंक कशाचा तुकडा आहे हे सांगायला कोणी नसते. आता शहराचेही नाव बदलले आहे. २०२३ च्या आधीची पुरस्काराची कागदपत्रे ‘औरंगाबाद विभाग’ या शीर्षाखाली आणि नंतरची ‘छत्रपती संभाजीनगर’खाली. दोन्ही नावे जोडणारी नोंद सूचीत आज करून ठेवली नाही, तर पन्नास वर्षांनी एखादा विद्यार्थी या विभागाचे पुरस्कार २०२३ मध्ये बंद पडले असे प्रबंधात लिहून मोकळा होईल.

आता मानपत्राकडे वळू. भालेरावांविषयी जे जे समारंभी लिहिले-बोलले गेले त्यात तुरुंग असतोच, आणि तो असायलाही हवा. एका मंत्र्याने केलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यापायी त्यांनी तुरुंग पाहिला, आणीबाणीत पुन्हा पाहिला. निजामशाहीशी लढलेला माणूस स्वतंत्र भारतातही लिहिण्यापायी आत जातो, ही गोष्ट कोणत्याही व्यासपीठावर टाळ्या घेते. ‘मांदियाळी’तली व्यक्तिचित्रे, मुक्तिसंग्रामावरचा त्यांचा मोठा ग्रंथ यांचाही उल्लेख होतो. सगळे खरे आहे.

पण २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मेली, त्या दिवसांत ‘मराठवाडा’ दैनिक नामांतराच्या विरोधात उभे होते. गोविंदभाईही विरोधात होते. त्यांचा युक्तिवाद प्रदेशाच्या अस्मितेचा होता. ज्यांची घरे जळत होती त्यांना त्या युक्तिवादाशी काय देणेघेणे? नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. तोवर भालेराव हयात नव्हते. या प्रदेशातल्या किती तरी दलित वाचकांनी हे दैनिक त्याच कारणाने घरात येऊ दिले नसेल, आणि त्यांच्या लेखी ‘अनंतराव भालेराव पुरस्कार’ या शब्दांचा अर्थ समारंभातल्या अर्थाहून वेगळा आहे.

हे लिहिल्याने भालेराव लहान होतात असे मला वाटत नाही. मोठ्या संपादकाची चूकही त्याच्या आकाराचीच असते. तक्रार दप्तराबद्दल आहे. मानपत्रात १९७८ सापडत नाही, ते दैनिकाच्या बांधीव अंकांत सापडते: अग्रलेखाच्या स्तंभात, वाचकांच्या पत्रांत, कोणती बातमी पहिल्या पानावर आणि कोणती आत चार ओळींत, या निवडीत. १९७२ चा दुष्काळ, १९७४ चे विकास आंदोलन, रुंद रेल्वेमार्गासाठीची वर्षानुवर्षांची हाकाटी, हे सारे त्याच अंकांत आहे. हा संपादक ज्या ताकदीने बरोबर होता त्याच ताकदीने कुठे चुकला, हे ते अंक समोर ठेवल्याशिवाय कळत नाही. आणि ते दैनिक आता निघत नाही. बंद पडलेल्या पत्राला आपले जुने अंक जपण्यात रस असलेला मालक नसतो, हे कोणत्याही गावात खरे आहे. केसरीचे भाग्य वेगळे. १८८१ पासूनचा वारसा सांगणारी संस्था आणि वाडा दोन्ही अजून उभे आहेत.

कायदा आहे. १९५४ चा ग्रंथ-वितरणाचा कायदा १९५६ मध्ये वृत्तपत्रांनाही लागू झाला. प्रकाशकाने आपला प्रत्येक अंक ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवायचा, आणि त्यांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आले. तालुक्याचा संपादक, जो स्वतःच बातमी लिहितो, स्वतःच जाहिरात आणतो आणि टपालाचा खर्च पाहून कपाळाला हात लावतो, तो हे किती पाळत असेल ते सांगायला नको. बरे, पोचलेला अंकही कागदाच्या कुवतीइतकाच जगणार. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या सरसकट लगद्याचा. त्यातला लिग्निन हवा-उजेडाने पिवळा पडतो, आम्ल वाढते, घडीवर कागद तुटतो. मराठवाड्याचा उन्हाळा त्याला मदतच करतो. घडी करून कपाटात कोंबलेले कात्रण पंचवीस-तीस वर्षांनी उघडले की दोन तुकड्यांत हातात येते, आणि बरोबर मधली ओळ गेलेली असते.

सरकारी कार्यालयाची स्वतःची शिस्त मात्र वाटते त्याहून चांगली आहे, निदान कागदावर. अभिलेख वर्गवारीने लावायचे: ‘अ’ वर्ग कायम, ‘ब’ तीस वर्षे, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच, ‘ड’ एक वर्ष. टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे करायचे, आणि मुदत संपली की निंदणीकरण. शेतातला शब्द कार्यालयात इतका नेमका कुणी आणून बसवला, त्याला खरे तर एक पुरस्कार द्यायला हरकत नाही. पुरस्कार जाहीर करणारा शासन निर्णय सुरक्षित राहतो. प्रश्न प्रवेशिकांचा आहे. विभागीय पुरस्कारांसाठी बातमीदार आपले वर्षातले उत्तम काम कात्रणांसह पाठवतो. बीड, परभणी, हिंगोली, धाराशिवकडून आलेली ती पाकिटे म्हणजे त्या वर्षीच्या मराठवाड्याचा निवडक अंकच. आणि तो संपादकांनी काढलेला नाही, लिहिणाऱ्यांनी स्वतः निवडलेला आहे. न जिंकलेल्या प्रवेशिकांत तर विजेत्यांपेक्षा जास्त इतिहास असतो. त्या ‘ड’ गठ्ठ्यात गेल्या तर वर्षभरात रद्दी होणार, ‘अ’मध्ये गेल्या तर राहणार. एका कारकुनाच्या अक्षरावर हे ठरते.

परदेशातले मोठे पुरस्कार इथे शहाणे ठरले. १९१७ मध्ये पहिल्यांदा दिले गेलेले पुलित्झर पारितोषिक १९८० पासून अंतिम फेरीतली नावेही जाहीर करते. कोण हरले हे नोंदीत राहते. नोबेलचे नामांकन पन्नास वर्षे कुलूपबंद असते, पण त्यानंतर उघडते. आपल्याकडे निवड समितीत काय चर्चा झाली, कोणाचे नाव पुढे आले आणि कोणी मागे ओढले, याला पन्नास वर्षांचे कुलूप नसते, कारण ते लिहिलेलेच नसते. ‘सर्वानुमते’ हा एक शब्द इतिवृत्तात पडला की काम झाले.

उर्दूचे आणखी निराळे. सिटी चौक, शहागंज हा भाग गुलमंडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. ‘औरंगाबाद टाइम्स’सारखे उर्दू दैनिक याच शहराचे, आणि निजामी राजवटीत तर राज्यकारभाराची भाषाच उर्दू. तरी पुरस्काराच्या रचनेत उर्दू पत्रकार राज्यस्तरावर मौलाना आझादांच्या नावाखाली जातो आणि त्याचा मराठी सहकारी विभागात भालेरावांच्या नावाखाली. एकाच सभेचे वृत्तांकन शेजारी बसून केलेल्या दोघांची नोंद दोन वेगळ्या फायलींत. शहराच्या पत्रकारितेचा इतिहास एका जागी वाचायचा तर त्या कुणीतरी जोडाव्या लागतील.

इतके करूनही एक माणूस हाताला लागत नाही: तालुक्याचा वार्ताहर. बांधीव अंक उघडला तरी त्यात त्याचे नाव कुठे असते? ‘आमच्या वार्ताहराकडून’, एवढेच. पैठणचा पूर, गंगापूरची टंचाई, सिल्लोडचा बाजार ज्याने वर्षानुवर्षे पाठवला, त्याचे नाव असलेच तर दैनिकाच्या मानधनाच्या वहीत, रकमेपुढे. संपादकांच्या आठवणी छापल्या जातात. हिशेबाची वही कोणी छापत नाही, जपतही नाही. माझ्या मते या दप्तरातला सगळ्यात मोलाचा कागद तोच.

त्याची किंमत केवळ संशोधकाला आहे असेही नाही. राज्य सरकारची आचार्य बाळशास्त्री जांभेकर ज्येष्ठ पत्रकार सन्मान योजना आहे. साठीला पोचलेल्या आणि तीस वर्षे पत्रकारिता केलेल्या पत्रकाराला तीतून दरमहा रक्कम मिळते. आधी ११ हजार होती, मग २० हजार झाली. तीस वर्षे सिद्ध करायची कशाने? नियुक्तिपत्र, वेतनाची नोंद, नाव छापलेले अंक. चालू दैनिकात टेबलावर बसणाऱ्याला हे जमते. बंद पडलेल्या दैनिकाचा, नावाशिवाय लिहिणारा, मानधनावरचा वार्ताहर काय दाखवणार? ज्याचे अंक पेठेतल्या रद्दीवाल्याकडे किलोवर गेले, त्याचा पुरावाही त्याच तराजूत गेला. जीवनगौरव दूर राहिला, सन्मान योजनेच्या अर्जालाही त्याच्याकडे जोडपत्र नाही.

करता येण्यासारखे काम मोठ्या खर्चाचे नाही. पुरस्कार देणाऱ्या प्रत्येक संस्थेने नियमात एक कलम घालावे: सन्मानित पत्रकाराचे निवडलेले लेखन, निदान शंभर कात्रणे, तारीख-पानासह स्कॅन करून फाईलमध्ये आल्याशिवाय धनादेश निघणार नाही. विभागीय पुरस्कारांच्या सर्व प्रवेशिका, हरलेल्यांसकट, ‘अ’ वर्गात ठेवण्याचा आदेश निघावा. त्यासाठी एक परिपत्रक पुरते. बंद पडलेल्या दैनिकांच्या वारसांकडे आणि जुन्या व्यवस्थापकांकडे मानधनाच्या वह्या असतील तर त्या विद्यापीठाच्या वृत्तपत्रविद्या विभागाने मागून घ्याव्यात. ते विद्यापीठ आज ज्या नावाने चालते, त्या नावावरून ‘मराठवाडा’ने घेतलेल्या भूमिकेचे अंकही तिथेच, सगळ्यांना पाहता येतील असे असावेत.