मल्हाररावांना फाशी झाली नव्हती

मुंबईच्या जन्मकथेतला एक घोळ पनवेलकडे नेहमी कानावर येतो. सुकापूरच्या नाक्यावर चहा पिता पिता परवाही तो निघाला: ज्या चार्ल्स राजाचं मुंडकं इंग्रजांनी उडवलं, त्यालाच मुंबई आंदणात मिळाली. तसं नाही. शिरच्छेद झाला पहिल्या चार्ल्सचा, ३० जानेवारी १६४९ रोजी. मुंबई आंदण मिळाली ती त्याच्या मुलाला, दुसऱ्या चार्ल्सला, १६६१ च्या पोर्तुगीज लग्नकरारात. त्याने ती १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. बाप मेला तेव्हा मुंबईवर पोर्तुगीजांचं राज्य होतं.

एवढं स्पष्ट झालं की कुणीतरी बडोद्याचे मल्हारराव गायकवाड काढतो. ‘आपल्या राजालाही इंग्रजांनी तसाच खटला चालवून लटकवला.’ या एका वाक्यात तीन-चार चुका आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगायला हवं.

आधी प्रकरण. बडोद्याचे महाराज खंडेराव वारल्यावर १८७० मध्ये त्यांचे भाऊ मल्हारराव गादीवर आले. दरबारातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी म्हणजे रेसिडेंट कर्नल फेर आणि महाराज यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. ९ नोव्हेंबर १८७४ च्या सकाळी फेर फिरून आला. नेहमीप्रमाणे पपनसाच्या रसाचा पेला ठेवलेला होता. त्याने दोन-तीन घोट घेतले, चव बरी वाटली नाही, उरलेला रस खिडकीबाहेर फेकला. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तो गाळ रेसिडेन्सीच्या डॉक्टरने तपासला, मग मुंबईला धाडला. त्यात सोमल निघाला आणि हिऱ्याची पूडही. फेर मेला वगैरे जे सांगतात ते खोटं. तो ठणठणीत राहिला. उलट काही दिवसांतच सरकारने त्यालाच बडोद्यातून हलवलं.

हे विष घालवल्याच्या संशयावरून मल्हाररावांना जानेवारी १८७५ मध्ये कैद झाली आणि २३ फेब्रुवारीला चौकशी सुरू झाली. लोक याला कोर्ट म्हणतात. ते कमिशन होतं. पहिल्या चार्ल्सपुढे बसलेल्या न्यायसभेने मृत्युदंड फर्मावला आणि त्यावर ५९ जणांनी सह्या केल्या. बडोद्याच्या कमिशनला शिक्षा सुनावण्याचा अधिकारच नव्हता. त्याने व्हाइसरॉयला अहवाल द्यायचा, इतकंच. मग फाशीचा प्रश्न येतो कुठून? चार्ल्सने तर त्या सभेला मला न्याय देण्याचा हक्कच नाही म्हणत आरोपाला उत्तर द्यायचं नाकारलं. मल्हाररावांनी मात्र लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हा नावाजलेला वकील आणवला. त्याची फी दहा हजार पौंड सांगितली जाते. आरोप फेटाळणारं लेखी निवेदनही दिलं.

‘निकाल इंग्रजांनी आधीच लिहून ठेवला होता’ हा समज सर्वांत पक्का आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. कमिशनमध्ये सहा जण होते. तीन इंग्रज: सर रिचर्ड काउच, मीड आणि मेलव्हिल. तीन आपले: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे. सरकारची सगळी भिस्त माफीच्या साक्षीदारांवर होती. रेसिडेन्सीतला नोकर रावजी म्हणाला की विष मीच टाकलं, वाड्यावरून सांगितलं होतं. महाराजांचे खासगी कारभारी दामोदरपंत यांनीही तसंच सांगितलं. रावजीच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली, पण ती पोलिसांच्या अकबर अलीला, घटनेला महिना उलटून गेल्यावर. बॅलंटाइनने नेमकं तिथेच बोट ठेवलं. शिवाय महाराजांनी २ नोव्हेंबरलाच फेरला बदला असा खलिता धाडला होता. मागणी करून आठवडा होतो न होतो तोच माणूस विष कशाला घालेल?

निकाल तीन विरुद्ध तीन पडला. इंग्रजांनी दोषी ठरवलं. जयपूरच्या महाराजांनी निर्दोष म्हटलं. शिंदे आणि दिनकररावांचं मत, आरोप शाबीत झालेला नाही. इंग्रजांच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या या तिघांनी तेव्हा दाखवलेला बाणेदारपणा मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्याकडे त्यांची आठवण कुणी काढत नाही.

‘विष घातलं म्हणून गादी गेली’ हेही बरोबर नाही. सरकार पेचात पडलं. आपणच नेमलेल्या सहांपैकी तिघे ‘शाबीत’ म्हणायला तयार नव्हते. तेव्हा एप्रिल १८७५ च्या जाहीरनाम्यात विषाचा मुद्दा बाजूला सारला आणि महाराजांना दुर्वर्तन आणि घोर गैरकारभार या कारणाने पदच्युत केलं. आता गंमत पाहा. गैरकारभाराची चौकशी त्याआधीच झाली होती, मीडच्याच अध्यक्षतेखाली, १८७३ मध्ये. त्यानंतर महाराजांना सुधारणेसाठी ३१ डिसेंबर १८७५ पर्यंत मुदत दिली होती. ती संपायला आठ महिने बाकी होते.

म्हणून मल्हारराव धुतल्या तांदळासारखे होते असं समजू नये. सावकारांची लूट, शेतकऱ्यांवरचा जबर सारा, बायकांना धरून नेऊन लौंडी करणं, या तक्रारी मीडपुढे ढिगाने आल्या आणि त्यांतल्या बऱ्याच खऱ्या निघाल्या. दादाभाई नौरोजींना दिवाण म्हणून आणलं ते कारभार सावरायलाच. दादाभाईंना इंग्रजांनी हाकललं असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. १८७५ च्या आरंभी त्यांनी स्वतःच राजीनामा दिला.

राहता राहिला पुढे गादीवर आलेल्या सयाजीरावांचा घोळ. ते मल्हाररावांचे चिरंजीव नव्हेत. नाशिककडच्या कवळाणे गावच्या गायकवाड घराण्यातला गोपाळ हा मुलगा खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंनी २७ मे १८७५ रोजी दत्तक घेतला; तेच हे सयाजीराव. पदच्युत महाराजांना मद्रासला ठेवलं होतं. १८८१ च्या डिसेंबरात सयाजीरावांच्या हाती पूर्ण अधिकार आले तेव्हा मल्हारराव तिथे जिवंत होते. पुढच्या वर्षी, १८८२ मध्ये, मद्रासलाच वारले.