पुढचा खंड येईपर्यंत

आमच्या ओटीवरील फडताळांत एक जाडजूड इंग्रजी कादंबरी उभी आहे. तिच्या साधारण मध्यावर एस्. टी.चें एक जुनें तिकीट खुणेसाठीं घातलेलें आहे. तें कोणीं हलवावयाचें नाहीं, असा घरांतील अलिखित नियम. माझे थोरले बंधु, ज्यांस आम्ही सर्व दादा म्हणत असूं, ती कादंबरी दुसऱ्यांदा वाचीत होते. पुढील खंड निघेल तेव्हां मागील कथा मनांत ताजी असावी म्हणून त्यांनीं पहिल्या खंडापासून पुनश्च आरंभ केला होता. पांचव्या खंडाच्या मध्यावर तिकीट राहिलें आणि दादा गेले. या गोष्टीस दोन वर्षें झालीं. सहावा खंड, निदान हे शब्द लिहीपर्यंत, निघालेला नाहीं.

वाचकांपैकीं तरुण मंडळींनीं पुस्तक ओळखलेंच असेल. मजसारख्या जुन्या वाचकांसाठीं थोडक्यांत सांगतों. अमेरिकन लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनीं ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ हा या मालेचा पहिला खंड सन १९९६ मध्यें प्रसिद्ध केला. एका कल्पित भूमीवरील राजघराण्यांच्या कलहाची ही कथा तीन खंडांत आटोपावी असा त्यांचा मूळ संकल्प होता. तो वाढत वाढत सातांवर गेला. दुसरा खंड १९९८ त व तिसरा २००० त निघाला. चौथ्यास पांच वर्षें लागलीं, पांचव्यास सहा. तो ‘अ डान्स विथ ड्रॅगन्स’ २०११ च्या जुलैंत आला, आणि तेथून पुढें गाडी थांबली ती थांबलीच. मध्यंतरीं याच कथेवरील दूरचित्रवाणीची मालिका २०११ त सुरू होऊन २०१९ त संपलीहि. म्हणजे मूळ ग्रंथ अपुरा असतां त्यावरील खेळाचा पडदा पडला. दादांनीं ती मालिका शेवटपर्यंत पाहिली नाहीं. “पोथी संपण्याआधीं उद्यापन करणाऱ्यांतला मी नव्हे,” असें ते म्हणत.

हें वेड घरांत आणिलें दादांच्या कन्येनें. ती त्या वेळीं कॉलेजांत होती. पांचही खंड वाचून झाल्यावर घरांत बोलावयास कोणी नाहीं, म्हणून तिनें वडिलांच्या गळ्यांत ते घातले. दादा पेन्शनींत निघालेले, इतिहासाचे भोक्ते. ते असे रंगले कीं, रात्रीं जेवणाच्या पंक्तींत सिंहासनावर खरा हक्क कोणाचा याविषयीं बापलेकींचा वाद चाले, पानांतील आमटी निवून जाई आणि वहिनी रागावत. (हीं पुस्तकें प्रौढांसाठीं आहेत, हेंहि येथेंच सांगून ठेवितों. त्यांतील क्रौर्य आणि इतर कांहीं वर्णनें पाहतां तीं शाळकरी मुलांच्या हातीं देऊं नयेत.)

दादा गेल्यावर मुलीचें वाचन थांबलें. नोकरी, घर, आल्यागेल्याचें सारें यथास्थित. पण कादंबरी म्हणून हातीं धरीना. विचारलें तर म्हणे, “सहावा खंड येऊं द्या. तो वाचीन, मग दुसरें.” एके दिवशीं वहिनी मजकडे आल्या. “भावजी, तुम्हीं जन्मभर परक्या मुलांना पुस्तकें दिलींत. आतां आपल्या मुलीला एखादें द्या.”

तीस वर्षें संस्कृत शिकविलेल्या माणसाला अशा वेळीं जें सुचावयाचें तेंच मला सुचलें. मीं कथासरित्सागराचें भाषांतर काढून दिलें. काश्मीरच्या अनंतराजाची राणी सूर्यवती हिच्या मनोविनोदासाठीं सोमदेवानें अकराव्या शतकांत रचिलेला, अठरा लंबकांचा, विद्याधर, वेताळ आणि मायावी नगरें यांनीं भरलेला हा सागर. अद्भुत हवें ना, मग याहून अद्भुत कोठें मिळणार? आठ दिवसांनीं ग्रंथ परत आला. “काका, यांत गोष्टींत गोष्ट, तिच्या पोटांत आणखी गोष्ट. मी वाट पाहूं तरी कोणाची?” मला थोडा राग आला, परंतु तिचें म्हणणें खोटें नव्हतें.

दुसरी चूक याहून मोठी. एका माजी विद्यार्थ्याच्या सल्ल्यानें मीं पॅट्रिक रॉथफस यांचें ‘द नेम ऑफ द विंड’ मागविलें. पुस्तक सुरेख आहे यांत वाद नाहीं. पण पहिला खंड २००७ चा, दुसरा २०११ चा, आणि तिसऱ्याची वाट वाचक अद्यापि पाहत आहेत, हें मला ठाऊक नव्हतें, तिला होतें. मीं एका उपाशी माणसाला दुसऱ्या उपाशी घरीं जेवावयास धाडलें होतें! ती मात्र हंसली. पुष्कळ दिवसांनीं हंसली, म्हणून ती चूक मला फारशी लागली नाहीं.

तेव्हां कुठें मला जो प्रश्न प्रथम विचारावयास हवा होता तो मीं विचारला: “तुला त्या कथेंत आवडलें तरी काय?” माझी समजूत, उडते अग्निमुखी सर्प आवडले असतील. ती म्हणाली, ते फार थोडे येतात. प्रत्येक प्रकरणास एकेका माणसाचें नांव आहे आणि तें प्रकरण त्याच्याच डोळ्यांनीं पाहिलेलें आहे. म्हणून एका खंडांत ज्याचा तिटकारा आला, पुढच्या खंडांत त्याच्याच अंतरांत शिरून पाहावें लागतें, आणि मग तिटकारा टिकत नाहीं. हें तिला आवडलें होतें. मग थोडें थांबून ती म्हणाली, “आणि बाबा नि मी एकाच वेळीं वाचीत होतों.”

घराघरांतून ‘अमुक आवडलें, तर तमुक घे’ अशा शिफारशी आपण देत असतों, त्या पुष्कळदां फसतात त्या येथेंच. आपण वेष पाहून जोडी जुळवितों. राजा, जादू, तरवार, नकाशा असला कीं पुरे! वाचणाऱ्यानें जीव कशावर ठेविला आहे हें विचारीत नाहीं. तें कळल्यावर मीं शब्दकोश जवळ घेऊन, मॅट्रिकपर्यंतच्या इंग्रजीच्या बळावर, स्वतः आधीं वाचावयाचें आणि मगच द्यावयाचें असें ठरविलें. वर्ष गेलें. जें पदरीं पडलें तें सांगतों.

टोल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ तिनें शाळेंतच वाचली होती, म्हणून ती सोडली. तरी तिच्या प्रकाशनाचा एक प्रकार मला मोठा मौजेचा वाटला. दुसरा खंड नोव्हेंबर १९५४ मध्यें निघाला, तो नायक शत्रूच्या हातीं सांपडला आहे अशा वाक्यावर संपतो. आणि तिसरा निघाला ऑक्टोबर १९५५ मध्यें. त्या वाचकांचे ते अकरा महिने कसे गेले असतील!

रॉबिन हॉब या लेखिकेची ‘असॅसिन्स अप्रेंटिस’पासूनची त्रयी १९९५ ते १९९७ या तीन वर्षांत पुरी झाली आहे. राजपुत्राचा अनौरस मुलगा, अश्वशाळेच्या प्रमुखानें वाढविलेला, पुढें राजाच्या गुप्त कामासाठीं तयार केला जातो आणि स्वतःची कहाणी स्वतः सांगतो. कर्ण ज्यांच्या परिचयाचा आहे त्यांना हा मुलगा परका वाटणार नाहीं. कथा संथ आहे, आणि नायकावर अन्यायाची रास इतकी पडते कीं, मन खिन्न असतां हें पुस्तक देऊं नये. मीं तें दिलें नाहीं, बाजूस ठेविलें.

उर्सुला ले ग्विन यांचें ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) वाचतांना मात्र मी स्वतःच पंतोजीपणा विसरलों. त्या द्वीपमय जगांत जादू म्हणजे वस्तूचें खरें नांव जाणणें. समुद्राचें, पाषाणाचें, ससाण्याचें खरें नांव ज्याला येतें, त्याची त्यावर सत्ता चालते. म्हणून माणसें आपलें खरें नांव अत्यंत विश्वासाच्या माणसाखेरीज कोणास सांगत नाहींत. शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य कीं संकेतानें ठरलेला, यावर आमच्या मीमांसकांनीं आणि नैयायिकांनीं घातलेला वाद जन्मभर शिकविलेल्या मला, तोच वाद एका नावाड्याच्या होडींत बसून भेटला असें वाटलें. गेड नांवाचा मुलगा अहंकाराच्या भरांत एक छाया जगांत मोकळी सोडतो आणि ती त्याचा पाठलाग करिते, एवढीच गोष्ट. पुस्तक लहान आहे, रविवारीं संपतें. याच मालेंतील तिसरें पुस्तक, ‘द फार्देस्ट शोअर’ (१९७२), मृत्यूविषयीं आहे. तें मुलीला द्यावें कीं न द्यावें याचा मीं पुष्कळ विचार केला. अखेर फडताळांत तिच्या हाताला लागेल असें ठेविलें आणि कांहीं बोललों नाहीं. तिनें तें वाचलें. तीहि कांहीं बोलली नाहीं.

परंतु खरी गांठ पडली ती गाय गॅव्रिएल के या कॅनडाच्या लेखकाच्या ‘तिगाना’शीं. ही १९९० ची कादंबरी एकाच खंडांत संपूर्ण आहे, हा तिचा आमच्यापुरता पहिला गुण! एका मांत्रिक राजाचा पुत्र ज्या प्रांताशीं झालेल्या युद्धांत पडला, त्या प्रांताचें नांवच तो राजा मंत्रबळानें पुसून टाकतो. त्या भूमींत जन्मलेल्यांखेरीज इतरांना तें नांव ऐकूंच येत नाहीं. तीं माणसें सरलीं कीं नांवहि सरेल. आपण त्या प्रांताच्या बाजूनें चवताळून उठतों, आणि लेखक आपल्याला त्या राजाच्या पुत्रशोकापाशीं नेऊन उभें करितो. मुलीला जें आवडत होतें तें नेमकें हेंच.

हे के तरुण असतां टोल्किन यांच्या चिरंजीवांना, क्रिस्तोफर यांना, मदत करण्यास गेले होते. पिता १९७३ त वारला. मागें राहिलेल्या हस्तलिखितांतून ‘द सिल्मरिलियन’ हा ग्रंथ जुळवून पुत्रानें १९७७ त प्रसिद्ध केला. हें वाचलें आणि माझ्या ध्यानांत आलें कीं, ही कथा मी दरसाल वर्गांत सांगत आलों आहें.

बाणभट्ट हर्षाच्या सभेंतला, सातव्या शतकांतला. ‘कादंबरी’ लिहितां लिहितां तो वारला. पत्रलेखा चंद्रापीडाला कादंबरीच्या विरहावस्थेचें वृत्त सांगत आहे, बोलणें ऐन भरांत आहे, आणि तेथें पित्याची लेखणी थांबते. उत्तरभाग पुत्रानें लिहिला. त्याचें नांव कोणी भूषणभट्ट देतात, कोणी पुलिंद. आरंभीं तो सांगतो कीं, कवित्वाच्या गर्वानें मी हें हातीं घेतलेलें नाहीं; कथा तुटल्यामुळें सज्जनांना झालेलें दुःख पाहवलें नाहीं म्हणून घेतलें. उत्तरभागाची भाषा पित्याच्या तोडीची नाहीं असें पंडित म्हणत आले. असेना! चंद्रापीडाचें पुढें काय झालें हें आपल्याला कळलें तें त्या मुलामुळें. आणि मराठीनें तर कमालच केली: कर्त्याच्या हातून अपुऱ्या राहिलेल्या ग्रंथाचें नांव तिनें सगळ्या कादंबऱ्यांना दिलें.

अशी उदाहरणें थोडीं नाहींत. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं आरंभिलेलें अरबी सुरस गोष्टींचें काम विष्णुशास्त्र्यांनीं पुढें चालविलें. ‘चंद्रकांता’कार देवकीनंदन खत्री १९१३ त वारले, तेव्हां त्यांची ‘भूतनाथ’ अर्धी होती; ती पुत्र दुर्गाप्रसाद यांनीं पुरी केली. अमेरिकेंत रॉबर्ट जॉर्डन यांनीं १९९० पासून ‘द व्हील ऑफ टाइम’ ही प्रचंड माला चालविली. दुर्धर रोग जडला आहे हें कळल्यावर त्यांनीं शेवट घरच्यांना सांगून ठेविला, टिपणें करून ठेविलीं, आणि २००७ त ते गेले. त्यांची पत्नी हीच त्यांच्या ग्रंथांची संपादिका. तिनें ब्रँडन सँडरसन या, तीच माला वाचून वाढलेल्या, तरुण लेखकाला निवडलें. एक म्हणून ठरलेल्या शेवटच्या खंडाचे तीन झाले, आणि २०१३ त चौदाव्या खंडावर माला संपली. येथें पुत्राच्या जागीं वाचकच उभा राहिला.

हें सर्व मीं एका संध्याकाळीं मुलीला सांगितलें. मार्टिन यांचा जन्म १९४८ चा. त्यांच्या वयाचा हिशेब तिनें माझ्या आधींच केलेला होता. त्यावर ती कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “काका, पत्रलेखा काय सांगत होती?”

मीं सांगितलें नाहीं. सांगितलें असतें तर मी शिक्षक कसला? दुसऱ्या दिवशीं दिवेलागणीनंतर आम्हीं ‘कादंबरी’ काढिली. मी एक समास सोडवितों, ती वहींत अर्थ लिहिते. अडीच ओळींचें एक विशेषण संपावयास कधीं अर्धा तास लागतो. सध्यां आम्हीं अच्छोद सरोवरापाशीं पोंचलों आहोंत. महाश्वेता आपल्या गेलेल्या प्रियकराची वाट पाहत तेथें तप करीत बसली आहे. पत्रलेखा अजून दूर आहे. ‘तिगाना’ची एक प्रत आणखी मागविली, कारण मलाहि ती पुनः वाचावयाची होती आणि तिच्या हातची सुटेना. ती पुढें आहे, मी मागें. कोशामुळें माझी गति बेताची. पुढचें फोडावयाचें नाहीं असा करार आहे, पण तो पंक्तींत टिकत नाहीं. त्या मांत्रिक राजाला क्षमा करावी कीं नाहीं यावर काल आमचा बराच वेळ वाद झाला, आणि आमटी निवली म्हणून वहिनी रागावल्या.